कळवलं, तारीखही टळली. आता गप्प बसू का?

नमस्कार ताई,

आम्ही बारा वर्षं मिशिगनमध्ये आहोत. मुलगा दहावीत आहे. सहावीपासून त्याच्यासोबत शाळेच्या बँडमध्ये वाजवणारा एक मुलगा आमच्याकडे कितीदा तरी जेवून, राहून गेलाय. यंदा तो पार बदलला. बँड सोडला, कुणाशी बोलेनासा झाला, मुलांच्या ऑनलाइन ग्रुपवर शाळांमधल्या जुन्या गोळीबारांचे व्हिडिओ टाकायला लागला. मग एक दिवस कँटीनमध्ये माझ्या मुलाला म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी तू घरीच थांब. तुझ्याशी माझं काही वाकडं नाही." मुलाने हे मला दोन दिवसांनी गाडीत, खिडकीबाहेर बघत सांगितलं. "कुणाला बोलू नकोस" असंही वर बजावलं.

मी त्याच रात्री राज्याच्या टिपलाइनवर (धोक्याची माहिती कळवायच्या सेवेवर) कळवलं आणि शाळेला मेल पाठवली. उत्तर आलं: "माहितीबद्दल आभार. योग्य ती पावलं उचलली आहेत." बस्स, एवढंच. तो मुलगा आठवडाभर दिसला नाही, मग पुन्हा वर्गात हजर. शुक्रवार आला आणि गेला. काहीच झालं नाही.

आता मिस्टर म्हणतात, "आपण ग्रीन कार्डच्या रांगेतली माणसं, लोकांच्या भानगडीत कशाला पडायचं? उद्या हे आपल्याच पोरावर उलटलं तर?" मुलगा माझ्याशी बोलत नाही, म्हणतो मी त्याला चहाडखोर ठरवलं. सासूबाई रोज फोनवर "परत या" म्हणतात. मी चुकले का? शाळेला पुन्हा विचारू, की आता गप्प बसू? आणि त्या मुलाची आई माझ्या ओळखीची आहे, तिच्याशी बोलू का?

— एक आई

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही चुकला नाहीत. तुमचा मुलगाही चुकला नाही, पण त्याच्याकडे नंतर येते.

"तू घरी थांब" हे वाक्य तुम्हाला उगाच खुपलं नाही. 20 एप्रिल 1999 ला कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलबाहेर एक मुलगा सिगारेट ओढायला आला होता. गाडीतून पिशव्या काढणारा त्याचा वर्गमित्र त्याला म्हणाला, "तू मला आता आवडतोस. इथून जा. घरी जा." त्यानंतर थोड्याच वेळात त्याने आणि त्याच्या साथीदाराने गोळीबार सुरू केला. ज्याला "घरी जा" म्हटलं, त्याच मुलाच्या आईवडिलांनी वर्षभर आधी, 1998 साली, शेरीफच्या कार्यालयात तक्रार केली होती. हा वर्गमित्र इंटरनेटवर आमच्या मुलाला मारायच्या धमक्या लिहितो, बॉम्ब बनवल्याचं सांगतो, ही पानं बघा म्हणून. एका अधिकाऱ्याने घरझडतीच्या परवानगीसाठी अर्जाचा मसुदाही तयार केला. तो न्यायाधीशांसमोर कधी गेलाच नाही.

म्हणजे त्या आईवडिलांनी तेच केलं होतं जे तुम्ही केलंत. खूण कुणाच्या लक्षात आली नाही असं तिथे झालं नाही. ती लक्षात आली, कागदावर उतरली, आणि कागद एका टेबलावर थांबला. मला या सगळ्या प्रकरणांत हेच पुन्हा पुन्हा दिसतं, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी सविस्तर देणार आहे. शाळेला पुन्हा विचारा. जरूर विचारा. (हल्लेखोरांची नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्यांना हवी होती ती प्रसिद्धी त्यांना आधीच भरपूर मिळालीय.)

एप्रिल 2007 मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात 32 जण मारले गेले. त्यांत मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला गेलेली एक मुलगी होती आणि एक तमिळ प्राध्यापकही. हल्ला करणाऱ्या त्या विद्यार्थ्याला आपल्या वर्गातून काढा, असं कवयित्री निकी जिओव्हानी यांनी विभागाला सांगितलं होतं. विभागप्रमुख ल्युसिंडा रॉय यांनी त्याला स्वतः एकट्याला शिकवलं आणि वरच्यांना कळवत राहिल्या. होस्टेलवाल्यांना काही गोष्टी ठाऊक होत्या, विद्यापीठाच्या पोलिसांना काही, समुपदेशन केंद्राला काही. डिसेंबर 2005 मध्ये न्यायालयाने त्याला उपचार घ्यायला सांगितलं होतं. तरी बंदूक विकत घेताना होणाऱ्या तपासणीत ते कुठे आलंच नाही. नंतरच्या चौकशी समितीने लिहिलं ते साधारण असं: प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, ते तुकडे कुणी एकत्र केले नाहीत. खासगीपणाच्या कायद्यामुळे माहिती देता आली नाही, असं अनेकांनी सांगितलं. समितीच्या मते कायदा तितका आडवा येत नव्हता, लोकांनी तो जास्तच ताणून धरला होता.

फ्लोरिडातल्या पार्कलंडची गोष्ट तर याहून वाईट. 5 जानेवारी 2018 ला, पुढे तिथल्या शाळेत गोळीबार करणाऱ्या तरुणाच्या ओळखीतल्या कुणीतरी थेट एफबीआयला फोन केला. त्याच्याकडे बंदुका आहेत, लोकांना मारायचं बोलतो, शाळेत जाऊन काही करेल, असं स्पष्ट सांगितलं. ती माहिती मायामीच्या कार्यालयापर्यंत पोचलीच नाही. 40 दिवसांनी 17 माणसं गेली. पुढे सरकारने मृतांच्या नातेवाइकांना आणि जखमींना मिळून सुमारे 12 कोटी 75 लाख डॉलर देऊन दावे मिटवले.

आणि मग तुमच्या राज्यातलं ऑक्सफर्ड हायस्कूल. तुम्ही तिथेच राहता, तुम्हाला बरंच माहीत असेल, पण त्या सकाळची ती खोली मला पुन्हा तुमच्यासमोर मांडायचीय. 30 नोव्हेंबर 2021. आदल्या दिवशी एका शिक्षिकेने पुढे गोळ्या झाडणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला मोबाइलवर काडतुसं शोधताना पाहिलं होतं. शाळेने आईला कळवलं, तर तिने मुलाला मेसेज केला: मी रागावले नाहीये, पकडलं न जाणं शिकायला हवं तुला. दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताच्या कागदावर बंदूक, गोळी, रक्ताळलेला माणूस आणि शेजारी अक्षरं: "विचार थांबत नाहीत. मला मदत करा." आईवडिलांना बोलावलं. मुलगा, आई, वडील, काउन्सेलर आणि शाळेचा एक अधिकारी एका खोलीत बसले. शाळेने सांगितलं, 48 तासांत याला समुपदेशकाकडे न्या, आजच न्या तर उत्तम. आईवडील म्हणाले, आम्हाला कामावर जायचंय. चार दिवसांपूर्वीच बापाने पिस्तूल विकत घेतलं होतं. ते दोघांपैकी कुणी बोललं नाही, आणि बंदूक घरी आहे का, हे कुणी विचारलं नाही. मुलाची बॅग तिथेच होती. ती कुणी उघडली नाही. मुलाला वर्गात परत पाठवलं. दोनेक तासांनी त्याच बॅगेतून पिस्तूल निघालं. चार विद्यार्थी गेले, सात जण जखमी झाले.

कोलंबाइनमध्ये कागद पुढे सरकला नाही, व्हर्जिनियात तुकडे जुळले नाहीत, पार्कलंडमध्ये फोन अडकला. ऑक्सफर्डमध्ये मात्र सगळे तुकडे एका टेबलाभोवती बसले होते. त्या मुलाने मदत मागितल्याचं तर लेखीच होतं. पण समोर बसलेल्यांपैकी कुणी पुढचा, जरा अवघड वाटणारा प्रश्न विचारला नाही. शाळा जिल्ह्यानेच (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेनेच) नेमलेल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल ऑक्टोबर 2023 मध्ये आला. असा धोका कसा तपासायचा याचं धोरण त्या शाळेकडे होतं, पण ते कागदावरच राहिलं होतं, असं त्यात म्हटलंय. 2024 मध्ये त्या आईवडिलांना सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या हत्याकांडासाठी अमेरिकेत आईवडील अशा गुन्ह्यात दोषी ठरण्याची ती पहिलीच वेळ. ती शिक्षा मला योग्यच वाटते. पण शिक्षा झाली की समाज हात झटकतो, तेही खरं. गुन्हेगार सापडले, विषय संपला. मग दाराला नवी कुलुपं लागतात, मुलांच्या पाठीवर गोळीरोधक दप्तरं येतात, हल्ला झाला तर वर्ग बंद करून लपायच्या (लॉकडाउनच्या) कवायती होतात, नेत्यांचे शोकसंदेश येतात. त्या खोलीत कोणते प्रश्न विचारायचे होते, याचा सराव मात्र कुणी करून घेत नाही.

म्हणून शाळेला पुन्हा लिहा. "योग्य ती पावलं" म्हणजे नेमकं काय, हे त्या मुलाबद्दल विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. दुसऱ्याच्या मुलाची माहिती शाळा तुम्हाला देऊ शकत नाही, आणि तुमच्या मुलाबद्दल कुणी असं विचारलं तर तुम्हालाही ते आवडणार नाही. पण शाळेच्या कामाबद्दल विचारायला काहीच आडकाठी नाही. आपल्याकडे थ्रेट असेसमेंट टीम (धोका तपासणारं पथक) आहे का, तिच्यात कोण असतं? मी दिलेली माहिती तिच्यापर्यंत पोचली का? टिपलाइनवर आलेलं आणि माझ्या मेलमधलं, दोन्ही एकाच माणसाने वाचलं का? घरातल्या शस्त्रांबद्दल विचारणं हा तुमच्या ठरलेल्या पद्धतीचा भाग आहे का? माझ्या मुलाला उद्या आणखी काही ऐकू आलं, तेही रात्री किंवा शनिवारी-रविवारी, तर त्याने कुणाला सांगायचं? हे प्रिन्सिपॉलना लेखी पाठवा, तारीख घाला, प्रत ठेवा. सूर भांडणाचा नको, पण "उत्तराची वाट पाहते" हे शेवटी असू द्या. नुसता आभाराचा दोन ओळींचा निरोप परत आला तर शाळा जिल्ह्याच्या कार्यालयाकडे जा. स्कूल बोर्डाच्या बैठकीत पालकांना बोलता येतं. तिथे कुणाचंही नाव न घेता हेच पाच प्रश्न वाचून दाखवा. माझा अंदाज आहे, आणखी चार पालक मान हलवतील.

तो मुलगा वर्गात परत आला याची तुम्हाला धास्ती वाटते, ते समजतं. पण परत येणं ही आपोआप वाईट बातमी नाही. पार्कलंडच्या मुलाला वर्षभर आधीच त्या शाळेतून काढून दुसरीकडे पाठवलं होतं. त्याने धोका कमी झाला नाही, फक्त त्याच्यावर लक्ष ठेवणारी माणसं कमी झाली. धमकी आली की थेट हाकलायचं, ही पद्धत अमेरिकेतल्या शाळांनी नव्वदच्या दशकापासून भरपूर वापरून पाहिली. धोका तपासणाऱ्या पथकाचं काम वेगळं असतं. हा मुलगा रागाच्या भरात काहीतरी बोलून गेला, की खरंच तयारी करतोय? त्याला बंदूक कुठून मिळू शकते? त्याला काय छळतंय आणि त्याचा शाळेत विश्वास कुणावर आहे? हे बघून दर आठवड्याला त्याला भेटणारा एखादा मोठा माणूस ठरवणं, हे त्यांचं खरं काम. तुमच्याकडे हे चाललं असेल तर तो वर्गात दिसणं चांगलंच. चाललंय का, एवढंच तुम्हाला हवंय.

"काहीच झालं नाही" यावर मिस्टरांशी वाद घालू नका. तुम्ही कळवलंत म्हणून झालं नाही, की होणारच नव्हतं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि ते तसंच राहू द्यावं लागेल. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सिक्रेट सर्व्हिसने 2021 मध्ये शाळांवरच्या 67 फसलेल्या कटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते कट बहुतेक वेळा उघडे पडले ते कुणीतरी बोललं म्हणून, आणि बोलणारी बरीचशी त्याच शाळेतली मुलं होती. त्याआधी त्यांनी शिक्षण खात्यासोबत 1974 ते 2000 मधले 37 हल्ले तपासले होते. त्यांतल्या दर पाचांपैकी चारांत कुणाला तरी आधीच माहीत होतं, आणि ते सहसा मित्र, वर्गसोबती किंवा भावंडं होती.

मिस्टरांची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. 2015 मध्ये टेक्ससच्या अर्व्हिंगमध्ये चौदा वर्षांच्या एका मुस्लिम मुलाने घरी केलेलं घड्याळ शिक्षकांना दाखवायला शाळेत आणलं, आणि त्याला बेड्या घालून नेलं. संशय घ्यायला शिकवलेला समाज कधी कधी चेहरा बघून संशय घेतो, हे खरंय. म्हणून तर काय सांगायचं याचा नियम कडक असावा: ऐकलेले शब्द, दिवस, जागा, टाकलेले व्हिडिओ. "तो विचित्र आहे", "एकटाच असतो", "काळे कपडे घालतो" हे नाही. शाळेत गोळ्या झाडणाऱ्यांचा असा कुठला ठरावीक साचा नाही, हे तपास करणारे लोक वर्षानुवर्षं सांगताहेत. एकटी असणारी, मनाने आजारी असणारी बहुतेक मुलं कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत. तुम्ही कळवलंत ते वागणं आणि बोलणं, त्याचा स्वभाव नव्हे. यात मिस्टरांना न पटण्यासारखं काही नाही. मिशिगनची "ओके टू से" ही टिपलाइन तर गोपनीय आहे, तुमचं नाव बाहेर पडायचं कारण नाही. हे मिस्टरांना नीट दाखवा.

आता तुमचा मुलगा. त्याचा राग तुम्ही तक्रार केली याचा नाही असं मला वाटतं. त्याने तुम्हाला विश्वासाने सांगितलं आणि तुम्ही त्याला न सांगता पुढे गेलात, याचा आहे. घाई होती, बरोबरच होतं, तरी ते त्याला खुपणारच. त्याला समजावायला जाऊ नका. "तू मला सांगितलंस म्हणून मला कळलं, आणि मी तुझ्याआड केलं, पुढच्या वेळी आपण दोघं मिळून करू" एवढं एकदा म्हणा आणि सोडून द्या. दोन दिवस तो ते वाक्य मनात घेऊन वावरत होता, हे विसरू नका. त्याला कदाचित स्वतःची भीती वाटली असेल, किंवा आपला मित्र आता संपला असं वाटलं असेल. मित्राशी पुन्हा बोलावं असं त्याला वाटत असेल तर बोलू द्या. मित्राला सांभाळायची जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकू नका, आणि "त्याच्या मनात काय चाललंय बघून ये" असं तर मुळीच सांगू नका. शाळेतल्या काउन्सेलरकडे तुमच्या मुलानेही एकदा जावं. मानसिक संकटात कधीही फोन करता येईल असा 988 हा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. तो फक्त आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी नाही. या वयातल्या ज्या मुलांच्या डोक्यात असे विचार घोळतात, त्यांच्यातली बरीच आधी स्वतःच जगायला कंटाळलेली असतात. तुमच्या मुलाचा मित्रही कदाचित त्यातलाच असेल.

सासूबाईंना मी काय सांगू. परत यायचं तर हजार कारणांनी या, या शुक्रवारच्या भीतीने नको.

राहिली त्याची आई. सुरुवातीला तुम्ही तिच्याकडे न जाता शाळेकडे गेलात, ते बरोबर केलंत. धमकी ताजी असताना घरच्यांना आधी सांगितलं की घरात आरडाओरडा होतो, पुरावे पुसले जातात, आणि तपास करणाऱ्यांच्या हातात काही उरत नाही. आता ती वेळ टळलीय. घरात बंदूक असेल तर काय, याची काळजी तुम्हाला असणारच. शाळेतल्या हल्ल्यांत वापरलेली शस्त्रं बहुतेक वेळा हल्लेखोराच्या स्वतःच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातूनच आलेली असतात. मिशिगनमध्ये फेब्रुवारी 2024 पासून अल्पवयीन मूल असलेल्या घरात शस्त्र कुलुपात ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच दिवशी रेड फ्लॅग कायदाही (धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडची शस्त्रं न्यायालयाच्या आदेशाने काढून घ्यायचा) लागू झाला. पण त्याखाली न्यायालयात अर्ज घरचे लोक, डॉक्टर किंवा पोलिस करू शकतात, शेजारीण नाही. म्हणून हा प्रश्न तुम्ही स्वतः तिला विचारू नका, शाळेला लिहिलेल्या त्या पत्रात तो आहेच.

तिला फोन मात्र करा. तिच्या घरात गेले काही आठवडे काय झालं असेल याची तुम्हाला कल्पना आहे, आणि तिला बहुधा एकही मैत्रीण विचारत नसेल. "कशी आहेस, बरेच दिवस बोललो नाही" एवढंच. मी कळवलं होतं, हे आपणहून सांगायची गरज नाही. तिने सरळ विचारलं, "तूच का?", तर खोटं बोलू नका. "हो, कारण मला तुझ्या मुलाची आणि माझ्या मुलाची, दोघांची भीती वाटली" असं सांगा. मग ती फोन ठेवेल, किंवा रडेल, किंवा ओरडेल. तीन-चार दिवस थांबा आणि पुन्हा एकदा फोन करा.